विद्यानगरीतील तेरा वर्षे : रोहिणी गोडबोले आणि विद्यापीठातले भौतिकशास्त्र

१/ दिनांक २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी, तेथून जवळपास हजार किलोमीटरवर, मुंबई विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात तिशीच्या उंबरठ्यावरील एक कण-भौतिकशास्त्रज्ञ अधिव्याख्याता म्हणून रुजू झाल्या. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तरीही त्या शेजारी शेजारी ठेवण्यास कारण आहे, आणि ते या धाग्यात पुढे येईल.

२/ त्या अधिव्याख्यात्या म्हणजे रोहिणी गोडबोले. जन्म १२ नोव्हेंबर १९५२, पुणे. निधन २५ ऑक्टोबर २०२४. त्यांच्याविषयी जे काही छापून येते त्यात बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था असते, २०१९ ची पद्मश्री असते, हिग्ज बोसॉन असतो, विज्ञानातील स्त्रियांसाठी केलेले कार्य असते. मधली तेरा वर्षे, १९८२ ते १९९५, बहुधा एका ओळीत आटोपतात : 'मुंबई विद्यापीठात अध्यापन.' आजचा धागा त्या एका ओळीवर आहे.

३/ एका ओळीवर इतके लिहिण्याजोगे काय आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मार्च १९४४ मध्ये होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था मागितली. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, उभी राहिली. पुढे १९५४ साली अणुऊर्जा विभाग स्थापन झाला आणि या प्रवाहाला सरकारी निधीचे भक्कम पाठबळ लाभले.

४/ यातून भारताला उत्तम संशोधन मिळाले, याविषयी वाद नाही. पण त्याची एक किंमत होती. संशोधन एकीकडे आणि अध्यापन दुसरीकडे, अशी वाटणी होत गेली. यंत्रसामग्री, ग्रंथालय, परदेशी अभ्यागत, निवांत वेळ हे सारे संस्थांच्या वाट्याला आले. विद्यार्थी, परीक्षा आणि उत्तरपत्रिका विद्यापीठांच्या. विज्ञानाचा एम.एस्सी.चा विद्यार्थी ज्यांच्यापुढे बसे, ते शिक्षक त्या विषयाच्या सरहद्दीपासून दूर असत. आणि सरहद्दीवर असणाऱ्यांपुढे बहुधा विद्यार्थ्यांचा वर्ग नसे.

५/ एक तपशील या वाटणीचा विचित्रपणा दाखवतो. २००२ साली टीआयएफआरला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यापूर्वी तेथे संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला पीएच.डी.ची पदवी मिळे ती मुंबई विद्यापीठाची! संशोधन कुलाब्याच्या समुद्रकाठी, शिक्कामोर्तब विद्यापीठाचे.

६/ आता गडचिरोली. जिल्हा नवा झाला तरी चंद्रपूर आणि गडचिरोलीतील महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशीच संलग्न राहिली. सिरोंचाहून जिल्ह्याचे ठिकाण गाठायलाच दोनशे किलोमीटरच्या आसपास जंगलातला रस्ता, आणि नागपूर त्याच्याही पुढे. अशा ठिकाणच्या मुलामुलींच्या आयुष्यात भौतिकशास्त्र येणार ते शाळेच्या, मग महाविद्यालयाच्या, मग विद्यापीठाच्या दारातून. संशोधन संस्थेचे दार त्यांना पुष्कळ उशिरा दिसते, किंवा दिसतच नाही. म्हणून विद्यापीठाच्या वर्गात कोण उभे आहे, हा प्रश्न मुंबईपेक्षा त्यांच्यासाठी अधिक मोलाचा.

७/ गोडबोले यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झाले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदींच्या पुढाकाराने १८८४ साली सुरू झालेली ही मुलींची शाळा. तिच्या स्थापनेच्या काळात पुण्यात मोठा वाद झडला होता : मुलींना इंग्रजी, गणित, विज्ञान शिकवायचे की शिवणकाम आणि गृहकृत्ये? टिळकांच्या वर्तुळातील वृत्तपत्रांनी शाळेच्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली होती. वाद तेव्हा मिटला असे आपल्याला वाटते.

८/ परंतु साठच्या दशकात गोडबोले तेथे शिकत होत्या तेव्हा सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाच्या जागी गृहशास्त्र होते. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मात्र विज्ञान लागे. तो अभ्यास त्यांनी शाळेतल्या शिक्षकांच्या मदतीने वेगळा केला आणि ती शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या शाळेतील पहिल्या विद्यार्थिनी ठरल्या. ऐंशी वर्षे उलटूनही वादाचा एक तुकडा वेळापत्रकात शिल्लक राहिला होता. इतिहास असा अनेकदा वेळापत्रकांत सापडतो, त्यासाठी दरवेळी दप्तरखान्यात जावे लागत नाही.

९/ पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून बी.एस्सी. १९७४ साली आयआयटी मुंबईतून एम.एस्सी. मग अमेरिका, स्टोनी ब्रूक येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठ, आणि १९७९ साली कण-भौतिकीत पीएच.डी.

१०/ हा काळ या विषयाच्या दृष्टीने फार भाग्याचा होता. १९७४ मध्ये चार्म क्वार्कची आणि १९७७ मध्ये बॉटम क्वार्कची चाहूल लागली. १९७९ साली हॅम्बुर्गच्या प्रयोगांत ग्लुऑनच्या अस्तित्वाचा पुरावा मिळाला आणि त्याच वर्षी ग्लॅशो, सलाम व वाइनबर्ग यांना नोबेल जाहीर झाले. सिद्धान्ताच्या आराखड्यात सहा क्वार्क होते, हाती आले होते पाच. सहावा, टॉप, कुठेतरी असणार याची खात्री सर्वांना होती. त्याचे वस्तुमान किती हे कोणालाच ठाऊक नव्हते.

११/ अशा वेळी पीएच.डी. झालेली व्यक्ती परदेशातच राहिली असती तर कोणी नवल केले नसते. गोडबोले १९७९ मध्ये परतल्या. तीन वर्षे टीआयएफआरमध्ये अभ्यागत अधिछात्र होत्या, आणि १९८२ मध्ये मुंबई विद्यापीठात आल्या. म्हणजे कुलाब्याहून सांताक्रूझ-कालिन्याच्या विद्यानगरीकडे. प्रथम अधिव्याख्याता, पुढे प्रपाठक. (आजच्या वाचकांसाठी : ही दोन पदनामे आता वापरातून गेली. अधिव्याख्याता म्हणजे आजचा सहायक प्राध्यापक, आणि प्रपाठक, ज्याला 'रीडर' म्हणत, तो आजचा सहयोगी प्राध्यापक.)

१२/ विद्यापीठातील अध्यापकाचे वर्ष कसे जाते, हे ज्यांच्या घरात कोणी प्राध्यापक आहे त्यांना सांगायला नको. ठरलेली व्याख्याने, प्रात्यक्षिके, प्रश्नपत्रिका काढणे, गठ्ठ्यांनी उत्तरपत्रिका तपासणे, अभ्यास मंडळांच्या बैठका. यातून उरलेल्या वेळात संशोधन. शिवाय तो इंटरनेटपूर्व काळ. नवा शोधनिबंध छापून येण्याआधी त्याच्या प्रती टपालाने जगभर धाडल्या जात. आपले नाव त्या यादीत असेल तर प्रत मिळे, नसेल तर मासिक ग्रंथालयात येईपर्यंत थांबायचे. ज्या विषयात सहा महिन्यांचा उशीर म्हणजे कल्पना शिळी होणे, तेथे हे साधे गैरसोयीचे प्रकरण नव्हते.

१३/ या परिस्थितीत त्या तेरा वर्षांत काय निघाले? दोन गोष्टी पाहू. बाकीच्या सोडून देतो, कारण या दोन नीट कळल्या तर पुरे.

१४/ पहिली १९८३ ची. संदीप पाकवासा आणि डी. पी. रॉय यांच्यासह गोडबोले यांनी 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न असा : प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन यांच्या टकरीत टॉप क्वार्क निर्माण झालाच, तर तो ओळखायचा कसा? तो तर जन्मताच मोडतो. मागे राहतात ते इतर कण, आणि तसेच कण हलक्या क्वार्कांपासूनही निर्माण होतात. जत्रेच्या गर्दीत एका माणसाला शोधायचे, आणि त्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाही.

१५/ त्यांचे उत्तर सुटसुटीत होते. क्वार्क मोडताना कधी इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन बाहेर पडतो. मूळ क्वार्क हलका आणि वेगवान असेल, तर हा इलेक्ट्रॉन त्याच्यासोबत निघालेल्या इतर कणांच्या फवाऱ्यातच, त्यांच्या गराड्यात सापडतो. मूळ क्वार्क फार जड असेल, तर मोडतानाचा झटकाच एवढा मोठा असतो की इलेक्ट्रॉन इतरांपासून दूर, एकटा उडतो. तेव्हा एकटा इलेक्ट्रॉन शोधा! आजूबाजूला फवारा नसलेला म्यूऑन शोधा! त्यामागे जड क्वार्क असण्याची शक्यता मोठी.

१६/ येथे कथा सरळ विजयाकडे गेली असती तर सांगायला सोपी होती. १९८४ मध्ये सर्न येथील यूए-१ गटाने अशाच एकट्या लेप्टॉनांच्या आधारे सुमारे ४० गिगाइलेक्ट्रॉन-व्होल्ट वस्तुमानाचा टॉप सापडल्याचे संकेत जाहीर केले. ते टिकले नाहीत. इतर प्रक्रियांचा हिशोब नीट केल्यावर ती टॉपची खूण नसल्याचे दिसले. खरा टॉप त्याच्या चौपटीहून अधिक जड निघाला, सुमारे १७३ गिगाइलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि त्याच्या शोधाची घोषणा मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील फर्मीलॅबमध्ये झाली. तेथेही एकट्या लेप्टॉनाची कसोटी वापरात होतीच. चूक कसोटीची नव्हती, पार्श्वभूमीच्या हिशोबाची होती. पार्श्वभूमी किती, हा प्रश्न लक्षात ठेवा. गोडबोले यांच्या दुसऱ्या कामाचा गाभाच तो आहे.

१७/ दुसरे काम प्रकाशाविषयी. प्रकाशाचा कण, फोटॉन, आपण शाळेत शिकतो तसा बिंदूवत, निरवयव. परंतु पुंजयामिकीत कोणतीच गोष्ट स्वस्थ बसत नाही. उच्च ऊर्जेचा फोटॉन अत्यल्प काळ एका क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीचे रूप घेतो आणि पुन्हा फोटॉन होतो. त्या क्षणी दुसऱ्या कणाने त्याला गाठले, तर धडक फोटॉनशी होत नाही. त्याच्या पोटातल्या क्वार्कशी किंवा ग्लुऑनशी होते. अशा वेळी प्रकाश हा प्रोटॉनसारखा, आत घटक असलेल्या पदार्थकणासारखा वागतो. कल्पना नवी नव्हती. तिचे परिणाम किती मोठे, हे कोणी पुरेसे मोजले नव्हते.

१८/ जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅन्युएल ड्रेस यांच्यासह गोडबोले यांनी ते मोजले. १९८८ च्या निबंधात त्यांनी दाखवले की हॅम्बुर्ग येथे उभारल्या जाणाऱ्या हेरा या इलेक्ट्रॉन-प्रोटॉन त्वरकावर जे फवारे निर्माण होतील, त्यांत फोटॉनच्या अंतर्रचनेतून येणाऱ्यांचा वाटा मोठा असेल. हेरा १९९२ मध्ये सुरू झाला. त्याच सुमारास जपानच्या ट्रिस्टान त्वरकावर आणि पाठोपाठ हेरावर या प्रक्रियांचा पुरावा मिळाला. भाकीत आधी, यंत्र नंतर. सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञाला याहून मोठे समाधान कोणते असते?

१९/ आणि मग १९९१. भविष्यातील सरळ रेषेतल्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन त्वरकांचे आराखडे तेव्हा जगभर आखले जात होते. वर्तुळाकार त्वरकात कणांचे पुंजके तेच तेच पुन्हा भेटतात. सरळ त्वरकात भेट एकदाच. म्हणून पुंजके दाबून अतिशय दाट करायचे, म्हणजे एकाच भेटीत पुरेशा टकरी होतील, असा मार्ग होता. पण दाट पुंजका म्हणजे प्रचंड विद्युतचुंबकीय क्षेत्र. समोरून येणारे कण त्या क्षेत्रात वळतात आणि वळताना फोटॉन फेकतात. जर्मनमधून आलेल्या धाटणीचे या प्रारणाचे नाव बीमस्ट्रालुंग.

२०/ इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरी 'स्वच्छ' असतात, प्रोटॉनांसारखा कचरा त्यांत होत नाही, हीच तर या यंत्रांची मोठी जमेची बाजू मानली जात होती. ड्रेस आणि गोडबोले यांनी विचारले : त्या फेकल्या गेलेल्या फोटॉनांचे काय? ते एकमेकांवर आदळतील. आदळताना क्वार्कांचे रूप घेतील. मग लहान लहान फवारे निर्माण होतील, म्हणजे मिनिजेट. काही आराखड्यांत तर पुंजक्यांच्या प्रत्येक भेटीत असा कचरा होईल, आणि स्वच्छतेचा दावा उरणार नाही. हा निबंधही 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्येच छापून आला.

२१/ अब्जावधींच्या यंत्राचा आराखडा करणाऱ्यांना अशी बातमी कोणी आनंदाने ऐकत नाही. पण हिशोब नाकारता येत नव्हता. तेव्हापासून अशा प्रत्येक यंत्राच्या आखणीत ही पार्श्वभूमी मोजावीच लागते. २०१२ च्या सुमारास सर्नच्या क्लिक या प्रस्तावित त्वरकाचा जो संकल्पना-अहवाल आला, त्यात ३ टेराइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेला पुंजक्यांच्या प्रत्येक भेटीमागे सरासरी ३.२ अशा घटना धरल्या आहेत, आणि त्या गाळून टाकता येतील असे डिटेक्टर आखले आहेत. या परिणामाला त्या क्षेत्रात ड्रेस-गोडबोले परिणाम म्हणतात. एका मराठी नावाने ओळखला जाणारा भौतिकशास्त्रातला परिणाम, आणि त्यावर १९९१ साली लेखिकेचा पत्ता होता मुंबई विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग.

२२/ आता या कथेतून काढला जाणारा एक सोयीचा निष्कर्ष मला मान्य नाही, तो आधीच खोडतो. 'पाहा, विद्यापीठात राहूनही जागतिक संशोधन होते, तेव्हा निधी नाही, वेळ नाही अशा तक्रारी व्यर्थ आहेत' असे म्हणणारे भेटतात. गोडबोले यांना हे साधले त्यामागे तीन गोष्टी होत्या. पहिली, विषय सैद्धान्तिक. कागद, लेखणी आणि थोडी संगणकाची वेळ एवढ्यावर चालणारा. प्रयोगशाळा लागली असती तर काय झाले असते कोण जाणे. दुसरी, परदेशातील सहकारी. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक : टीआयएफआर त्याच शहरात होती. तेथील ग्रंथालय, तेथे टपालाने येणारे निबंध, तेथील चर्चासत्रे, डी. पी. रॉय आणि प्रोबीर रॉय यांच्यासारखे सहकारी लोकलच्या अंतरावर होते.

२३/ यांतील तिसरी गोष्ट नागपूरच्या अध्यापकाला नव्हती. चंद्रपूरच्या महाविद्यालयातील अध्यापकाला तर पहिलीचाही उपयोग नव्हता, कारण संगणकाची वेळ मागायची कोणाकडे? तेव्हा मुंबईतील तेरा वर्षे विद्यापीठांच्या बाजूने पुरावा आहेत की विरोधात, हे आपण ती कशी वाचतो त्यावर आहे. मला त्या दोन्ही दिसतात. शिकवणे आणि संशोधन एका व्यक्तीत नांदू शकतात, हे त्यांनी दाखवले. ते नांदण्यासाठी शेजारी एक संशोधन संस्था असावी लागली, हेही त्याच वर्षांनी दाखवले.

२४/ ही दरी त्या काळातील जाणत्यांना दिसत नव्हती असे नाही. १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्यात आयुका हे आंतरविद्यापीठ केंद्र स्थापिले. जयंत नारळीकर टीआयएफआर सोडून त्याचे संस्थापक संचालक झाले. कल्पना अशी की खगोलशास्त्राच्या सोयी एका जागी असाव्यात आणि देशभरातील विद्यापीठांच्या अध्यापकांनी तेथे येऊन त्या वापराव्यात. कण-भौतिकीत आयुकासारखी इमारत झाली नाही. तेथे दुसरा मार्ग निघाला : कार्यशाळांचा.

२५/ १९८९ पासून भारतात 'व्हेप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उच्च-ऊर्जा भौतिकीच्या कार्यशाळा सुरू झाल्या. दर दोन वर्षांनी, दहा-पंधरा दिवस, संस्थांतले आणि विद्यापीठांतले लोक एकत्र बसतात, गट पाडतात, प्रश्न घेतात आणि तेथेच काम सुरू करतात. व्याख्याने ऐकून प्रमाणपत्र घेऊन जाण्याचा प्रकार नव्हे. या परंपरेत आणि तरुण संशोधकांसाठीच्या देशव्यापी अभ्यासवर्गांत गोडबोले दीर्घकाळ राबल्या. त्यांच्या हाताखाली थेट शिकलेले विद्यार्थी एका विभागाचे असतील; अशा वर्गांत त्यांच्यापुढे बसलेले देशभरचे आहेत.

२६/ आणि तरीही १९९५ मध्ये त्या विद्यापीठ सोडून बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत सहयोगी प्राध्यापक म्हणून गेल्या. १९९८ मध्ये प्राध्यापक झाल्या. टॉप क्वार्क सापडला तेच हे वर्ष. त्यांनी का सोडले, याचे तर्क मी करणार नाही. एवढे मात्र नोंदवतो : ज्या निबंधांनी त्यांचे नाव जगभर गेले, ते लिहिले गेले तेव्हा त्या विद्यापीठात होत्या, आणि त्या नावाचा लाभ पुढची जवळपास तीन दशके मिळाला तो संशोधन संस्थेला. मुंबई विद्यापीठाच्या बाजूने हा हिशोब कोणी मांडलेला मी वाचलेला नाही.

२७/ बंगळुरूचा काळ सर्वपरिचित आहे, म्हणून भरभर. ड्रेस आणि प्रोबीर रॉय यांच्यासह अतिसममितीवरचा जाडजूड ग्रंथ, २००४. हिग्ज कणाचे गुणधर्म प्रयोगातून कसे पडताळावेत, टॉप क्वार्कच्या फिरकीवरून नव्या भौतिकीचा माग कसा काढावा, यांवरचे दीर्घ काम. आंतरराष्ट्रीय सरळ त्वरकाच्या डिटेक्टरांसाठी नेमलेल्या सल्लागार गटात समावेश. म्हणजे ज्या यंत्रांना १९९१ मध्ये कालिन्याहून इशारा दिला, त्यांचेच डिटेक्टर तपासण्यासाठी त्यांना बोलावले गेले. २०२१ मध्ये फ्रान्सचा राष्ट्रीय सन्मान.

२८/ एका पुस्तकापाशी मात्र थांबायला हवे. २००८ मध्ये राम रामस्वामी यांच्यासह गोडबोले यांनी 'लीलावतीज् डॉटर्स' हा ग्रंथ संपादित केला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीने तो प्रसिद्ध केला. सुमारे शंभर भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची आयुष्ये त्यात आहेत, बरीचशी त्यांच्याच शब्दांत. कोणाचे लग्न, कोणाची बदली, कोणाला नाकारलेली प्रयोगशाळा, कोणाचा भक्कम पाठीराखा मार्गदर्शक. विज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्यांना उद्या हे पुस्तक मूळ साधन म्हणून हाताळावे लागेल, कारण ही माहिती कोणत्याही संस्थेच्या वार्षिक अहवालात मिळत नाही.

२९/ शीर्षकातील लीलावती म्हणजे भास्कराचार्यांचा ११५० सालचा गणितग्रंथ, आणि परंपरेने सांगितलेली त्यांची कन्या. येथे थोडे विषयांतर, पण या धाग्याच्या वाचकांना आवडेल असे. चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील सोईदेवाने त्यास दान दिले, असे त्यात कोरले आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीही एका राजवंशाला कळले होते की ग्रंथ लिहिला जाणे पुरेसे नाही. तो शिकवला जाण्यासाठी जागा, माणसे आणि उत्पन्न लागते.

३०/ आता पुन्हा पूर्वेकडे. २७ सप्टेंबर २०११ रोजी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, मुख्यालय गडचिरोली. पुढच्याच वर्षी, ४ जुलै २०१२ रोजी, सर्नने हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा केली. भामरागड किंवा सिरोंचाच्या मुलीसाठी विद्यापीठ नागपूरऐवजी स्वतःच्या जिल्ह्यात आले, ही घटना तिच्यापुरती हिग्ज बोसॉनपेक्षा लहान नव्हे. विद्यापीठ आल्याने कण-भौतिकशास्त्रज्ञ येत नाही, हे खरे. पण जेथे विद्यापीठच नाही तेथे तो येण्याची शक्यता किती?

३१/ एक गोष्ट मात्र १९८२ पासून पूर्ण बदलली आहे. टपालाच्या यादीची गरज संपली. ऑगस्ट १९९१ मध्ये, म्हणजे मिनिजेटवरचा तो निबंध आला त्याच वर्षी, अमेरिकेत पॉल गिन्सपार्ग यांनी शोधनिबंधांचे विनामूल्य संगणकीय भांडार सुरू केले. आज ते अर्काइव्ह म्हणून ओळखले जाते. ज्या प्रतीसाठी कालिन्याहून कुलाबा गाठावा लागे, ती आज नेटवर्क असेल तेथे मोबाइलवर उघडते. नेटवर्क असेल तेथे, हे शब्द गडचिरोलीत राहणाऱ्यांनी दोनदा वाचावेत.

३२/ मात्र निबंध उघडणे वेगळे आणि तो वाचता येणे वेगळे. दुसऱ्यासाठी शिक्षक लागतो. नव्वदच्या दशकाच्या आरंभी मुंबई विद्यापीठाच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपुढे जी व्यक्ती फळ्यावर लिहीत होती, तिच्याच गणितावर जपान, जर्मनी आणि अमेरिकेतील त्वरकांचे आराखडे तपासले जात होते. त्यातील किती जणांना तेव्हा हे ठाऊक होते? तुमच्यापैकी कोणाचे आईवडील, काका, मावशी त्या वर्षांत विद्यानगरीत एम.एस्सी. भौतिकशास्त्राला असतील तर जरूर विचारा, आणि मिळालेल्या आठवणी खाली लिहा. अशा नोंदी आत्ताच झाल्या तर होतील.

३३/ पुढचा धागा भा. मा. उदगावकर यांच्यावर : टीआयएफआरमधले कण-भौतिकशास्त्रज्ञ, १९६२ मध्ये मरे गेल-मान यांच्यासह निबंध लिहिणारे, मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष, आणि मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या खेड्यांतील शाळांत विज्ञान कसे शिकवावे याची चिंता वाहणारे. संस्थेतून शाळेकडे गेलेला माणूस. तो प्रवास उलट दिशेचा आहे.